बारला धरून डुप्लिकेट: काही महिने वापरल्यावर

रीपर या संगीत रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये मिडी एडिटर असतो, म्हणजे आवाज नव्हे तर कोणता स्वर कधी वाजवायचा याच्या सूचना बदलण्याची खिडकी. तिथे नोट्स डुप्लिकेट करायला मी गेले काही महिने एक छोटी स्क्रिप्ट (लुआ भाषेतली) वापरते आहे. एका मित्राने लिहून दिलेली. तिचं काम एकच: निवडलेल्या नोट्सची नक्कल पुढे टाकायची, पण मूळ नोट्स बारमध्ये (तालाच्या एका आवर्तनात) जिथे होत्या नेमक्या त्याच जागी. बास आणि ड्रम्ससाठी आता तिच्याशिवाय चालत नाही. पियानोवर मात्र जपून वापरते.

निवडीच्या लांबीवर चालणारं डुप्लिकेट पहिल्या नोटच्या सुरुवातीपासून शेवटच्या नोटच्या शेवटापर्यंत मोजतं आणि नक्कल तिथेच चिकटवतं. फ्रेजच्या आधीची आणि नंतरची मोकळी जागा त्याच्या हिशेबात येत नाही. टिक म्हणजे मिडीतलं वेळेचं सगळ्यात छोटं माप. रीपरमध्ये डीफॉल्टने एका क्वार्टर नोटचे 960 टिक, म्हणजे 4/4 चा, चार क्वार्टरचा बार 3840 टिकांचा. बासची फ्रेज 480 वर सुरू होऊन 3600 वर संपली, तर नक्कल 3600 वरच सुरू होते. हवी असते 4320 वर. 720 टिक, म्हणजे तीन सिक्स्टीन्थ नोट्स आधी! पुढे आणखी चार वेळा डुप्लिकेट केलं की ठेका कुठल्या कुठे जातो. ग्रिड आणि स्नॅप (नोट जवळच्या ग्रिडरेषेवर ओढणं) चालू असले तरी उपयोग नाही, कारण 3600 सुद्धा ग्रिडवरच आहे.

मुळात मिडी फाइलमध्ये बारलाइन साठवलेलीच नसते. कोणत्या टिकला नोट सुरू, कोणत्या टिकला बंद, आणि टाइम सिग्नेचर काय, एवढंच. रेषा सॉफ्टवेअर त्यावरून काढतं. रीपरच्या स्क्रिप्टिंगमध्ये दिलेल्या टिकचा बार कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो हे सांगणारी फंक्शन्स तयार आहेत, त्यामुळे स्क्रिप्ट फार लांब नाही. मिडी एडिटरच्या अ‍ॅक्शन लिस्टमध्ये टाकून तिला शॉर्टकट दिला की झालं.

खरी गंमत हाताने वाजवलेल्या नोट्समध्ये आहे. पहिली नोट रेषेच्या 15 टिक आधी पडली (120 च्या टेम्पोला हे जेमतेम 8 मिलिसेकंद), की स्क्रिप्ट मागचा बारही मोजायची आणि नक्कल दोन बार पुढे, मध्ये एक बार रिकामा. शेवटची नोट बरोबर रेषेवर संपली तरी तेच, कारण तो टिक पुढच्या बारचा. आता ती शेवटच्या नोटची फक्त सुरुवात बघते, आणि रेषेआधीच्या 120 टिकांत, म्हणजे एका थर्टीसेकंड नोटच्या (क्वार्टरच्या आठव्या भागाच्या) आत पडलेली नोट पुढच्या बारची धरते. माझ्या मते ही सूट नसलेली अशी कुठलीही स्क्रिप्ट फक्त क्वांटाइझ केलेल्या, म्हणजे ग्रिडवर नेमक्या बसवलेल्या नोट्सच्या कामाची. अख्ख्या बीटचा पिकअप (बार सुरू होण्याआधीच फ्रेज सुरू करणाऱ्या नोट्स) असेल तर मात्र ही सूटही पुरत नाही. तिथे मी सरळ टाइम सिलेक्शन करून कॉपी-पेस्ट करते.

पियानोचं दुखणं वेगळं. स्क्रिप्ट फक्त नोट्स उचलते, सस्टेन पेडल म्हणजे कंट्रोलर 64 मागेच राहतो, आणि नक्कल कोरडी वाजते. त्यात रेषा ओलांडून लांबलेली नोट आणि नकलेतली पहिली नोट एकाच स्वराची निघाली, तर जुन्या नोटचा नोट-ऑफ (नोट बंद करण्याचा मिडी संदेश) नव्या नोटला मध्येच बंद करू शकतो. नोट-ऑफमध्ये स्वर असतो, पण तो कोणत्या नोट-ऑनचा हे नसतं. अशा शेपट्या मी आधीच आखूड करून घेते.

4/4 नंतर 7/8 चा बार आला की नकलेतली शेवटच्या एट्थची (अर्ध्या क्वार्टरची) नोट पुढच्या बारमध्ये सांडते. कापून टाकण्यापेक्षा हे मला बरं वाटतं, दिसतं तरी. फक्त नक्कल झाल्यावर नव्या नोट्सच निवडलेल्या राहतात, म्हणून तिथे लगेच दुसऱ्यांदा शॉर्टकट दाबू नका: सांडलेल्या नोटमुळे निवड दोन बारांची धरली जाते.