400 वॅट-सेकंदाचा स्टुडिओ फ्लॅश, 11 महिन्यांनंतर: भांडण झालं ते मॉडेलिंग लॅम्पवरून

नवव्या महिन्यात मॉडेलिंग लॅम्प गेला, म्हणजे फोटोआधी सावली कुठं पडणार ते दाखवायला सतत पेटून राहणारा दिवा. फ्लॅश नीट पडतोय, रिसायकल, म्हणजे पुढच्या फ्लॅशसाठी पुन्हा भरणं, वेळेत होतंय, ट्रिगर एकदाही चुकलेला नाही, फक्त मधला तो पांढरा दिवा बंद. वॉरंटी वर्षाची, म्हणून निर्धास्तपणे सर्व्हिस सेंटरला फोन लावला. उत्तर आलं, "सर, मॉडेलिंग लॅम्प कंझ्युमेबलमध्ये, म्हणजे वापरून संपणाऱ्या वस्तूंत येतो, वॉरंटीत बसत नाही. आणि फोटो तर निघतायत ना?" त्या शेवटच्या वाक्याचा राग अजून गेलेला नाही.

फोटो निघतात हो. पण फोटो निघणं आणि पोर्ट्रेट होणं यात फरक आहे, आणि तो फरक याच दिव्याच्या उजेडात दिसतो.

पुढं सामान अडकवायचं बोवेन्स माउंट, उजेड मऊ करणारा 90 सेंमीचा अष्टकोनी कापडी ऑक्टा, पॉवर कमी-जास्त करायची रेंज वगैरे सगळ्यांना माहीत आहे, त्यात शिरत नाही. एवढंच सांगतो की रंग स्थिर आहे. सकाळचे आणि संध्याकाळचे फोटो शेजारी ठेवले तरी कातडीचा रंग बदललेला दिसत नाही. टिल्टचा खटका मात्र ढिला आहे, ऑक्टाच्या वजनानं हेड, म्हणजे फ्लॅशचा डबा, हळूहळू मान टाकतं. त्यावर एक वॉशर घातला, काम भागलं.

आता दिव्याचं. फ्लॅश पेटून विझतो तो सेकंदाच्या अगदी छोट्या तुकड्यात. तेवढ्यात नाकाची सावली कुठं पडली, हे कुठलाही डोळा टिपू शकत नाही. मॉडेलिंग लॅम्प फ्लॅशच्या नळीजवळच असतो, त्यामुळं फ्लॅश जिथं सावली टाकणार तिथंच तोही टाकतो, आणि आपण ती आधी बघून जागेवर आणतो. लाइट समोरून उंचावर ठेवला की नाकाखाली फुलपाखरासारखी सावली येते आणि गालाची हाडं वर येतात. बाजूला नेला की सावली गालाकडं वळते. आणखी फिरवून थोडा वर घेतला की ती गालाच्या सावलीला मिळते आणि पलीकडच्या डोळ्याखाली उजेडाचा त्रिकोण उरतो. रेम्ब्रांट म्हणतात तो हाच. चांगला त्रिकोण डोळ्यापेक्षा रुंद नसतो आणि नाकापेक्षा खाली उतरत नाही. बायोडेटाचा फोटो, मुंजीचा फोटो, निवृत्तीचा फोटो, सगळ्यांत काम याच दोन-तीन बोटांच्या सावलीचं आहे.

दिवा गेल्यावर चौथ्या दिवशी कागलहून एक नवरी आली. नऊवारी, नथ, गळ्यात साज. साजाच्या पानांना चमक यावी म्हणून ऑक्टा काढून वाटीसारखा साधा रिफ्लेक्टर लावला. छोट्या, कडक उजेडात प्रत्येक पानावर एकेक ठिणगी उठते, ऑक्टात ती पसरून मऊ होते. अंदाजानं लाइट लावला, वीसेक फोटो काढले. तिच्या आत्याबाई स्क्रीनकडं बघून म्हणाल्या, "हे ओठावर काय आलंय वो? मिशीगत दिसतंय." नथीची सावली. मोत्यांच्या आकारासकट वरच्या ओठावर उतरलेली. लाइट वीतभर खाली आणि थोडा कॅमेऱ्याकडं सरकवला तर ती सावली नथीमागं लपते, हे मला वडिलांच्या वेळेपासून ठाऊक आहे. पण सावली दिसलीच नाही तर सरकवणार काय? मेकअप उतरायला लागलेला, पोरगी दमलेली, आणि सगळं पहिल्यापासून.

आणखी दोन गोष्टी त्या आठवड्यात कळल्या. अंधाऱ्या खोलीत माणसाच्या डोळ्याची बाहुली मोठी होते, म्हणून डोळे नुसते काळे दिसायला लागले. एरवी दिव्याच्या उजेडात बाहुली आकसते आणि डोळ्याचा तपकिरी रंग फोटोत उतरतो. आणि कॅमेऱ्याचा ऑटोफोकस कमी उजेडात चाचपडत राहतो. म्हणजे "फोटो तर निघतायत" म्हणणाऱ्यांनी सावली, डोळे आणि फोकस, तिन्ही हिशेबातून काढून टाकलं होतं.

माझे वडील कोल्हापुरात मंगळवार पेठेत याच खोलीत 500 वॅटच्या बल्बांवर फोटो काढायचे. गिऱ्हाईक घामाघूम व्हायचं, पण डोळ्यांना जे दिसतंय तेच निगेटिव्हवर यायचं. मूकपटांच्या काळात बाबूराव पेंटरांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली ती याच गावात, आणि ते आधी नाटकांचे पडदे रंगवणारे चित्रकार होते. उजेड कुठं आणि सावली कुठं हे आधी बघायचं, मग पुढचं काम, ही सवय इथल्या माणसांना पिढ्यान्‌पिढ्या आहे. तिच्यावर कंझ्युमेबलचा शिक्का मारलेला मला चालत नाही. जुन्या हेडमध्ये होल्डरचा बल्ब असायचा, गेला की आपणच बदलायचा. तो कंझ्युमेबल, मान्य. यात एलईडीची चकती आत पक्की बसवली आहे, ती गिऱ्हाइकाला बदलता येत नाही. मग ती वॉरंटीबाहेर कशी?

इथं माझं एक जुनं मत मागं घेतो. पहिल्या महिन्यात मीच दोघा-तिघांना सांगितलं होतं की याचा मॉडेलिंग लॅम्प मिणमिणता आहे, त्याच्याकडं लक्ष देऊ नका. दिवसा दार उघडं ठेवून बघत होतो, चूक तिथं होती. खिडकीला काळा कपडा लावला तेव्हा तोच दिवा पुरेसा वाटला. गंगावेश तालमीतला एक पैलवान फोटोला आला होता, तेव्हा तर या दिव्यावरच सगळं काम झालं. ऑक्टा जवळजवळ काटकोनात बाजूला, खांद्यापासून दोन फुटांवर. खांदा, दंड, पाठ, प्रत्येक स्नायूची कड दिव्यातच दिसत होती, दुसऱ्या बाजूला थर्माकोलचा काळा रंगवलेला तुकडा लावून सावली आणखी गडद केली. लाइट दोन फुटांवरून चार फुटांवर नेला तर उजेड निम्मा होत नाही, साधारण पाव होतो, म्हणजे जवळजवळ दोन स्टॉप (एका स्टॉपला उजेड निम्मा). म्हणून लाइट जवळ असला की मागची भिंत आपोआप काळोखात जाते. हेही दिव्यात आधी दिसतं.

मधले तीन आठवडे स्टँडला 9 वॅटचा एलईडी बल्ब चिमट्यानं लावून काढले. हा उपाय कुणी करू नये. बल्ब ऑक्टाच्या बाहेर, त्याची सावली कडक आणि भलतीकडं, फ्लॅशची मऊ आणि दुसरीकडं. बघतो एक, येतं एक.

सर्व्हिस सेंटरनं शेवटी 4,800 रुपये अधिक कुरिअर आणि तीन आठवडे सांगितले. हेड घेऊन मी लक्ष्मीपुरीत टीव्ही-अँप्लिफायर दुरुस्त करणाऱ्या काकांकडं गेलो. त्यांनी आधी कपॅसिटर रिकामा केला. हे हेड घरी उघडू नका, स्विच बंद केल्यावरही आत तीनशेहून जास्त व्होल्ट साठून राहतात. मग झाकण माझ्याकडं वळवून म्हणाले, "हितं बघा, दिवा गेलाच न्हाई." फॅनच्या पात्यांत थर्माकोलचे मणी आणि धूळ गच्च बसली होती, उष्णतेनं दिव्याच्या वायरचा सोल्डरचा डाग सुटला होता. डाग लावला, फॅन साफ केला, 250 रुपये घेतले.

थर्माकोल मी त्याच कोपऱ्यात कापतो, तेव्हा धुळीचा दोष माझ्याकडं आहे. आता कापायचं काम जिन्यात करतो. पण फॅनच्या झरोक्याला साधी जाळी नाही हा दोष बनवणाऱ्यांचा, आणि हेड उघडून न बघताच 4,800 सांगणं हा त्याहून मोठा.

फ्लॅश म्हणून हे हेड घ्या, किमतीला चोख आहे. वॉरंटी कार्डावर मॉडेलिंग लॅम्पबद्दल काय छापलंय ते दुकानात उभं राहून वाचा आणि बिलावर लिहून घ्या. मला लग्नसराईच्या आधी दुसरं हेड घ्यायचंय. होल्डरचं एक जुनं हेड बघून ठेवलंय, त्याला बसणारा 150 वॅटचा बल्ब अजून कुठं मिळतो ते आधी विचारतोय.