२६१८ की ४०३२: माझ्या ऑक्टाव्हियाचे फोर्ज्ड पिस्टन, अकरा महिन्यांनंतर

आमच्या भांडुपच्या सोसायटीत सकाळी सव्वासहाला दोन ऑक्टाव्हिया आरएस सुरू होतात. एक दादाची, एक माझी. दोन्ही २००४ च्या, ग्रीन टॅक्स भरून री-पासिंग केलेल्या. दोन्हींत तेच १.८ लिटरचं, वीस व्हॉल्व्हचं टर्बो इंजिन आणि दोन्हींत फोर्ज्ड पिस्टन. दादाची गाडी सुरू झाली की पहिली दोन मिनिटं पत्र्याच्या डब्यात सुपाऱ्या हलवल्यासारखा आवाज येतो. वॉचमनने एकदा त्याला गेटवर थांबवून सांगितलं, "साहेब, आत काहीतरी सुटं झालंय." माझी वीस-पंचवीस सेकंद बारीक टिकटिक करते आणि गप्प होते. दोन्ही सेट एकाच कंपनीचे आहेत. धातू तेवढा वेगळा: त्याचा २६१८, माझा ४०३२, दोन्ही ॲल्युमिनियमचे मिश्रधातू.

मी रबाळे एमआयडीसीत एका कारखान्याच्या गेज रूममध्ये आहे, बावीस वर्षं झाली. दिवसभर मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) मोजते, त्यामुळे इथे आकडे येणारच. कंपनीचं नाव मात्र लिहिणार नाही. लिहिलं तर तुम्ही तोच सेट मागवाल आणि तुमच्या रॉडला (पिस्टन क्रँकला जोडणारा दांडा) त्याची पिन बसणार नाही. जेई, वायझेको, माले, सगळ्यांकडे दोन्ही धातूंचे पिस्टन मिळतात, त्यामुळे नुसतं नाव सांगून काही कळतही नाही.

इंजिन उतरलं कसं, ते आधी. मे महिना, पुण्याला लग्न. बूस्ट, म्हणजे टर्बो हवा कोंबतो तो दाब, १.२ बारपर्यंत वाढवलेला, ट्यून ९५ ऑक्टेनच्या पेट्रोलवर केलेली. आदल्या रात्री नवऱ्याने घाईत साधं ९१ भरून आणलं होतं आणि मला सांगायचं विसरला. गाडीत चार माणसं, एसी चालू, बोरघाटाचा चढ, पुढे कंटेनर. ओव्हरटेक करायला पाय दाबला तर बॉनेटखालून खडे चाळल्यासारखा आवाज आला. हे नॉकिंग: पेट्रोल आपोआप भडकून पिस्टनला धक्के देतं ते. मी तो ऐकला आणि तरी पाय काढला नाही. हे माझं पाप, पेट्रोलवर ढकलत नाही. लोणावळ्याला पोचेपर्यंत मागे निळा धूर होता आणि डिपस्टिक आतल्या दाबाने वर उचलली गेली होती. कॉम्प्रेशन मोजलं तर तीन सिलिंडरांत १६० ते १६५ पीएसआय, तिसऱ्यात ७५. खोलल्यावर दिसलं की पिस्टनवरच्या पहिल्या आणि दुसऱ्या रिंगच्या मधली पट्टी, जिला रिंग लँड म्हणतात, तिचा नखाएवढा तुकडा गायब.

निघाले ते पिस्टन ओतीव होते, म्हणजे कास्ट. फोर्ज्ड म्हणजे घडीव. कोयता कुणी साच्यात ओतत नाही, लोहार तो ठोकून घडवतो, त्यातलंच हे. तापवलेला ॲल्युमिनियमचा गठ्ठा प्रेसखाली दाबला की आतली पोकळ छिद्रं मिटतात आणि धातूचा कण आकाराच्या बाजूने वळतो. नॉकिंगचा धक्का बसला तर ओतीव तुकडा टिचतो, घडीव आधी थोडा दबून घेतो. दबण्यालाही मर्यादा आहे. फोर्ज्ड टाकले म्हणून चुकीची ट्यून माफ होत नाही.

आता धातू. आपल्या कामाचे दोन. २६१८ मध्ये सिलिकॉन जवळपास नसतंच, तांबं आणि मॅग्नेशियम असतं. कॉन्कॉर्ड विमानाचं अंग याच कुळातल्या मिश्रधातूचं होतं. हा जास्त चिवट. ४०३२ मध्ये सिलिकॉन साधारण १२ टक्के. सिलिकॉनमुळे धातू गरम झाल्यावर कमी फुगतो, रिंगांच्या खोबणी कमी झिजतात, पण चिवटपणा थोडा कमी होतो. एका अंशाला एका मीटरमागे २६१८ अंदाजे २२.३ मायक्रॉन वाढतो, ४०३२ साधारण १९.४. ८१.५ मिलिमीटरच्या पिस्टनला हे लावलं तर दर १०० अंशांमागे दोघांत २४ मायक्रॉनचा फरक पडतो, म्हणजे जवळपास एक थाउ (इंचाचा हजारावा भाग). बीडाचा ब्लॉक मात्र याच्या निम्म्यानेच वाढतो. म्हणून २६१८ ला थंड असताना पिस्टन आणि बोअर (सिलिंडरचं भोक) यांच्यात जागा जास्त सोडावी लागते, नाहीतर गरम झाल्यावर तो बोअरमध्ये जाम होईल. दादाच्या इंजिनात ही जागा ८५ मायक्रॉन आहे, माझ्या ५५. त्या ३० मायक्रॉनचा आवाज वॉचमनला ऐकू येतो.

दादाने २६१८ घेतला ते चूक नाही. त्याचा टर्बो मोठा आहे, तो वर्षातून दोनदा ड्रॅगला जातो आणि बूस्ट किती ठेवलाय ते वहिनीला सांगत नाही. त्याला चिवटपणा हवा. माझी गाडी रोज भांडुप ते रबाळे, ऐरोली पुलावरून. दहा मिनिटांत ऑफिस किंवा पन्नास मिनिटं ट्रॅफिक. दिवसातून तीन-चारदा थंड स्टार्ट. अशा वापरात पिस्टनचा निम्मा वेळ पुरता गरम होण्यातच जातो आणि तेवढा वेळ २६१८ सैल हलत असतो. चार गॅरेजवाल्यांपैकी तिघांनी मला "टर्बो आहे ना, मग २६१८च" असं एका वाक्यात सांगितलं. कुणी विचारलं नाही की मॅडम गाडी चालवता कुठे. खरं तर मॅडमला काहीच विचारलं नाही, बोलत होते नवऱ्याशी. तो बिचारा बँकेत आहे.

कॉम्प्रेशन रेशोबद्दलही, म्हणजे पिस्टन हवा किती पट दाबतो त्याबद्दलही, असंच. टर्बो म्हणजे ८.५ चा पिस्टन घाला, ही जुनी सवय. तेवढं खाली आणलं की बूस्ट येण्याआधी गाडी मेलेली वाटते, आणि मुंबईत बूस्ट येण्याआधीचाच काळ जास्त. मी नऊच्या वरचा सेट घेतला, मूळ ९.५ पेक्षा किंचित कमी. आता टाकीत ९५ खाली काही जात नाही आणि पेट्रोल भरायचं काम माझ्याकडे आहे.

सेट घरपोच ८४ हजारांना पडला, ड्युटी धरून. चार पिस्टन, पिना, लॉक, रिंगा. घरच्या काट्यावर चारही पिस्टन एका ग्रॅमच्या आत होते. वरच्या तोंडावर पाचही व्हॉल्व्हच्या खाचा स्वच्छ, कडा मारलेल्या. स्कर्टला, म्हणजे पिस्टनच्या खालच्या भिंतीला, काळा लेप. इथवर पैसे वसूल.

मग गजन पिनला, म्हणजे पिस्टन रॉडला जोडणाऱ्या पिनेला, व्हर्निअर लावला. वीस! या इंजिनाच्या जुन्या आवृत्त्यांत पिन २० मिलिमीटरची, नंतरच्यांत १९ ची. माझे नवे रॉड १९ चे, ऑर्डरमध्येही १९ लिहिलेलं, विकणाऱ्याने पाठवले २० चे. वर फोनवर मला म्हणतो, "बुश मोठा करून घ्या, सगळे करतात." ४२ हजारांचे नवे रॉड मी का पोखरून घेऊ? बदलून मिळायला साडेतीन आठवडे आणि परतीचं कुरिअर माझ्या खिशातून. मालाला दहापैकी नऊ, विकणाऱ्याला दोन. ते दोनही शेवटी बदलून दिलं म्हणून.

बोअरिंगची गोष्ट यापेक्षा महत्त्वाची, कारण चांगला पिस्टन वाया जातो तो इथे. पहिल्या मशीनशॉपवाल्याला पिस्टन न बघताच ब्लॉक कापायचा होता. "८१.५० ना? सव्वा थाउ सोडतो, तीस वर्षं सोडतोय." सव्वा थाउ म्हणजे ३२ मायक्रॉन. ओतीव पिस्टनला ठीक, माझ्या घडीव पिस्टनला कमी. मी कंपनीचा कागद दाखवला, त्याने तो चहाच्या ग्लासाखाली ठेवला. मी ब्लॉक टेम्पोत घालून परत आणला.

दुसरा गाळा मिळाला कुर्ल्याला, सीएसटी रोडच्या आतल्या गल्लीत, भंगारच्या दुकानांच्या मागे. तिथले काका सत्तरीचे असतील. त्यांनी आधी विचारलं, "पिस्टन आणलेत का? कागद आणलाय का?" तिथेच मी बसले. पिस्टन गोल नसतो आणि सरळही नसतो. तो किंचित अंडाकृती असतो आणि वर निमुळता, म्हणून त्याचा व्यास कंपनीने सांगितलेल्या उंचीवरच, पिनेच्या काटकोनात मोजायचा. काकांनी कागद न वाचता मायक्रोमीटर बरोब्बर तिथे धरला, मग चष्मा लावून कागद वाचला आणि मान डोलावली.

मी मात्र तिथे एक शहाणपणा केला आणि फसले. चारही पिस्टन आदल्या दिवशी आमच्या गेज रूममध्ये मोजून आणले होते. तिथे कायम २० अंश. काकांच्या गाळ्यात ३४. बीडाचा बोअर त्या १४ अंशांत १२ मायक्रॉन मोठा होतो, म्हणजे माझे पिस्टनचे आकडे आणि त्यांचे बोअरचे आकडे वजा केले तर २० अंशांना जागा असते त्यापेक्षा १२ ने जास्त दिसणार. माझंच रोजचं काम आणि मलाच सुचलं नाही. काका म्हणाले, "बाई, दोघांना एका घरात झोपू द्या आज, उद्या मोजू." रात्रभर पिस्टन ब्लॉकशेजारी ठेवले. सकाळी एकाच तापमानाला एकाच मायक्रोमीटरने मोजले.

होनिंग, म्हणजे बोअरची शेवटची घासाई, टॉर्क प्लेट बांधून झालं. हेडचे बोल्ट आवळले की बोअर किंचित वाकडा होतो, म्हणून हेडच्या जागी जाड प्लेट तेवढ्याच ताणाने आवळून मग होन करायचं. मुंबईत हे करणारे थोडे, आणि करतो म्हणून सांगणारे बरेच. प्लेट डोळ्यांनी बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. चार सिलिंडरांचे साडेनऊ हजार घेतले. चारही बोअर एकमेकांच्या पाच मायक्रॉनच्या आत. आमच्या कारखान्यात याहून वाईट काम पास झालेलं मी पाहिलंय.

रिंगांचं तोंड, म्हणजे रिंगच्या दोन टोकांमधली फट, मी स्वतः घासलं, घरी, डायनिंग टेबलवर. रस्त्यावरच्या टर्बोसाठी पहिल्या रिंगला बोअर गुणिले ०.००५, म्हणजे ०.४१ मिलिमीटर, दुसरीला ०.४५. हे अंतर कमी राहिलं तर गरम रिंगची टोकं एकमेकांना भिडतात आणि पुन्हा तीच पट्टी उडते, मग पिस्टन घडीव असो नाहीतर सोन्याचा. आणखी एक: या इंजिनात पिस्टनच्या पोटावर तेल उडवणारे जेट असतात. फिटिंग करताना क्रँक हाताने पूर्ण फिरवून स्कर्ट त्यांना घासत नाही ना, ते उस्तादला बघायला लावा. माझ्या एका जेटचं नाक जरा सरळ करावं लागलं.

पहिले ५०० किलोमीटर साधं मिनरल ऑइल, पहाटे ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर चढउतार वेगाने, कुठे उगाच आयडलिंग नाही. मग सिंथेटिक. आता ९,४०० किलोमीटर झालेत. चारही सिलिंडर १५५ ते १६० पीएसआयमध्ये. तेल हजार किलोमीटरला दोनशे मिली खाते, दादाची त्याच्या दुप्पट. बोरघाट त्यानंतर सहा वेळा चढला, भर एप्रिलमध्येसुद्धा, आणि प्लग काढून पाहिले तेव्हा ते स्वच्छ होते.

एवढ्या ताकदीसाठी फोर्ज्ड लागलेच असते का? प्रामाणिकपणे, नाही. चाकांवर १९० हॉर्सपॉवरच्या आसपास आहे माझी. ट्यून आणि पेट्रोल नीट असतं तर ओतीव पिस्टनही चालले असते. मी ८४ हजार मोजले ते नवऱ्याच्या पुढच्या विसरण्यासाठी.

काकांचा गाळा शुक्रवारी दुपारी आणि रविवारी बंद असतो. जायचं तर सकाळी अकराच्या आत जा, नंतर गल्लीत टेम्पो उभे राहतात आणि ब्लॉक हातात धरून चालायला लागतं.