घोट्याची फ्लॅप सर्जरी, नागपूर : बाबाचं ऑपरेशन लय चांगलं झालं
बाबाच्या घोट्याले ट्रॅक्टरचं लागलं आन् हाड उघडं पडलं, गावात सगळे म्हणे नुसती कातडी लावून घ्या, पण प्लास्टिक सर्जननं नीट समजावलं का उघड्या हाडावर कातडी धरत नाही, तिले खालून रक्त लागते, म्हणून पोटरीमागची कातडी तिच्या रक्तनळीसकट फिरवून जखमेवर बसवली, सुरल फ्लॅप म्हणतात त्याले. सिस्टर रात्रीबी फ्लॅपचा रंग पाहून जायच्या. नळीवर दाब पडू द्यायचा नाही, पाय उंच, आन् खर्रा एकदम बंद, तंबाखूनं नळ्या आवळतात ना! पोटरीवरची कातडी काढली तिथं मांडीची कातडी लावली. फ्लॅप जाडसर दिसते, पावलाच्या बाहेरच्या कडेले बधीर लागते, चप्पल ढिली घ्या. बाबा आता वावरात जातात.