प्ले थेरपिस्ट व्हायचंय: छोटा ऑनलाइन कोर्स की मोठा डिप्लोमा?

प्ले थेरपिस्ट, म्हणजे खेळातून मुलांच्या मनावर उपचार करणारी, व्हायला या दोन्हींत अडकलीयस ना, मग जाहिराती बाजूला ठेव. छोटा कोर्स स्वस्त, नोकरी सांभाळून होतो, व्हर्जिनिया ॲक्सलाइन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी सांगितलेली प्ले थेरपीची ८ तत्त्वं, खेळणी कशी निवडायची वगैरे कळतं. पण मूल २० मिनिटं एकच बाहुली वाळूत पुरतंय आणि तू बोलायचं की गप्प बसायचं, हे व्हिडिओ बघून येत नाही, त्याला सुपरव्हिजन लागतं, म्हणजे अनुभवी माणूस तुझं सेशन बघून तुला टोकणार (झोंबतं बरं का!). डिप्लोमात ते मिळतं, मुलांसोबतचे प्रत्यक्ष तासही, बऱ्याचदा स्वतःची थेरपीसुद्धा घ्यावी लागते, त्यामुळे वेळ-पैसा दोन्ही जास्त. थेरपिस्ट म्हणून संस्थेकडे नाव नोंदवताना (रजिस्ट्रेशन) मात्र हेच तास मोजतात. शिक्षिका असशील, मुलं जरा समजून घ्यायचीत तर छोटा पुरे. थेरपिस्ट म्हणून पाटी लावायची असेल तर डिप्लोमाच कर.