रुग्णालय रुग्णाकडे नेणारी सेवा : पॅरिसच्या 'सामू'चे परीक्षण

पुण्यातल्या एका रुग्णालयात परफ्युजनिस्ट म्हणून मी हृदय-फुप्फुस यंत्र रोज हाताळते. माझ्या कामाची जागा म्हणजे भरपूर उजेडाचे, निर्जंतुक शस्त्रक्रियागृह. तिथे सगळे साहित्य हाताशी असते आणि रुग्ण आदल्या दिवसापासून तयार केलेला असतो. पॅरिसमधल्या 'सामू' या आपत्कालीन वैद्यकीय सेवेचे डॉक्टर हेच तंत्र २०११ पासून भर रस्त्यात किंवा रुग्णाच्या राहत्या घरातल्या फरशीवर वापरत आहेत. त्यांनी प्रसिद्ध केलेले निबंध आणि यंत्राशी असलेला माझा रोजचा संबंध, या दोन गोष्टींच्या आधारे मी हे परीक्षण लिहीत आहे.

हृदय अचानक बंद पडले की छाती दाबून मिळणारा रक्तप्रवाह नेहमीच्या तुलनेत जेमतेम पाव ते एक तृतीयांश असतो. शॉक देऊनही हृदय सुरू होत नसेल, तर अशा तुटपुंज्या प्रवाहावर मेंदू फार वेळ तग धरू शकत नाही. तिथे एक्मो, म्हणजे हृदय-फुप्फुस यंत्राच्याच तत्त्वावर चालणारे यंत्र, कामाला येतो. जांघेतल्या शिरेतून रक्त बाहेर ओढायचे, कृत्रिम फुप्फुसातून ते फिरवायचे आणि धमनीतून मिनिटाला तीन-चार लिटर या वेगाने परत सोडायचे, एवढेच त्याचे काम. मूळ आजार त्याने बरा होत नाही. बहुतेक वेळा हृदयाच्या रक्तवाहिनीत अडथळा असतो आणि तो कॅथ लॅबमध्ये, म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिन्यांवर नळीवाटे उपचार करायच्या खोलीत, मोकळा करेपर्यंत मेंदूला रक्त पुरवत राहणे, इतकीच या यंत्राकडून अपेक्षा ठेवावी.

फ्रान्समध्ये रुग्णवाहिकेतून डॉक्टरच रुग्णापर्यंत जातो आणि या सेवेचा सगळा डोलारा त्या पद्धतीवर उभा आहे. १५ या क्रमांकावर येणारे फोन वैद्यकीय नियंत्रण कक्षात डॉक्टरांच्या देखरेखीखाली हाताळले जातात. बऱ्याचदा अग्निशमन दलाचे जवान आधी पोहोचून छाती दाबायला लागतात आणि शॉक देतात. मागोमाग डॉक्टरांचे पथक येते आणि रुग्ण निकषांत बसत असेल तर एक्मोचे पथकही निघते. नंतर छाती दाबायचे काम यांत्रिक उपकरणावर सोपवले जाते आणि ते उपकरण चालू असतानाच डॉक्टर जांघेत छेद घेऊन शीर आणि धमनी डोळ्यांसमोर उघडी करतात व त्यांत कॅन्युला, म्हणजे यंत्राला जोडायच्या नळ्या, सरकवतात. नुसत्या सुईच्या अंदाजाने आत जाण्यापेक्षा ही पद्धत मला अधिक भरवशाची वाटते, कारण नाडी लागत नसलेल्या आणि सतत हादरणाऱ्या शरीरात शीर कोणती आणि धमनी कोणती हे रक्ताच्या रंगावरून ओळखता येत नाही. दोन्हींतून काळेच रक्त येते.

सर्किटमध्ये, म्हणजे यंत्राच्या नळ्या, पंप आणि कृत्रिम फुप्फुसाच्या जोडणीत, द्रव भरून हवेचा शेवटचा बुडबुडा निघेपर्यंत नळ्यांवर टिचक्या मारत राहणे हे आमच्या कामातले सर्वांत चिकाटीचे काम. शस्त्रक्रियेच्या यंत्राला रक्ताची टाकी असते, त्यामुळे चुकून आलेली हवा तिथे वर तरंगून थांबते. एक्मोला अशी टाकी नसते. शिरेच्या बाजूने हवा आत आली तर पंप अडतो, आणि ती पुढे सटकली तर थेट रुग्णाच्या धमनीत जाते. हे काम गुडघे टेकून, आजूबाजूला घरची माणसे उभी असताना करणे म्हणजे काय, याची कल्पना मला करता येते. नळ्यांवर लावलेले चिमटे (क्लॅम्प) काढल्यावर एक नळी काळपट आणि दुसरी लालभडक दिसली की यंत्र लागू पडले असे समजायचे. तो फरक पाहण्यासाठी जीव किती टांगणीला लागतो हे या कामातल्या माणसालाच कळेल. लूव्र संग्रहालयात एका पर्यटकाला चित्रांच्या दालनातच एक्मो लावल्याचे प्रकरण या पथकाने वैद्यकीय नियतकालिकात मांडले आहे. त्याचे छायाचित्र पुष्कळ फिरले. माझी नजर मात्र चित्रांकडे गेली नाही, जमिनीवर साहित्य कसे मांडले आहे तेच मी पाहत राहिले.

आता आकड्यांकडे येते. याच पथकातल्या डॉ. लिओनेल लामो आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली १५६ रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. २०११ ते २०१४ या काळात ८ टक्के रुग्ण वाचले होते. २०१५ मध्ये हे प्रमाण २९ टक्क्यांवर गेले. मधल्या काळात रुग्णांची निवड अधिक काटेकोर झाली, हृदयाला चालना देणाऱ्या ॲड्रेनॅलिन या औषधाची मात्रा कमी केली गेली, पथक आधी पाठवले जाऊ लागले आणि वीस मिनिटांच्या प्रयत्नांनंतर हृदय सुरू झाले नाही तर एक्मोकडे वळायचे असे ठरवले गेले. माझ्या मते या सेवेचे खरे मोल त्या वीस मिनिटांच्या नियमात आहे. आमच्याकडे एकदा अतिदक्षता विभागात, यंत्र शेजारच्या खोलीत असूनही, पहिल्यांदा छाती दाबल्यापासून प्रवाह सुरू होईपर्यंत पन्नासहून अधिक मिनिटे गेली, कारण कोणी कोणाला विचारायचे हेच ठरलेले नव्हते. तो रुग्ण वाचला नाही आणि ती मिनिटे मी अजून विसरलेले नाही.

तरीही निखळ कौतुक करणे योग्य होणार नाही. निवड बदलली की निकालही बदलतो, म्हणून ८ वरून २९ ही झेप पूर्णपणे यंत्राच्या खात्यावर टाकता येत नाही. पॅरिस परिसरातल्या तेरा हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदवहीवर आधारलेल्या, २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एक्मो लावलेल्या आणि न लावलेल्या रुग्णांच्या वाचण्याच्या प्रमाणात फरक दिसला नाही. दोन्हीकडे ते साडेआठ टक्क्यांच्या आसपासच होते. मात्र एक्मो लावलेल्यांपैकी ज्यांना तो रुग्णालयाबाहेरच लावला गेला, त्यांचे निकाल तुलनेने चांगले होते. रुग्णाला रुग्णालयात आणून एक्मो लावण्याच्या चाचण्यांतही एकवाक्यता नाही. अमेरिकेतल्या मिनिआपोलिसमध्ये अवघ्या ३० रुग्णांच्या चाचणीत वाचलेल्यांचे प्रमाण एक्मोच्या गटात ४३, तर नेहमीच्या उपचारांच्या गटात ७ टक्के असा ठळक फरक दिसला. प्रागमध्ये चांगल्या मेंदूस्थितीत असलेल्यांचे प्रमाण ३१.५ विरुद्ध २२ टक्के होते, पण संख्याशास्त्राच्या कसोटीवर तो फरक टिकला नाही. नेदरलँड्समध्ये २० विरुद्ध १६ टक्के, म्हणजे जवळपास बरोबरीच. शिवाय रक्तस्राव आणि ज्या पायात धमनीची नळी आहे त्या पायाचा रक्तपुरवठा तुटणे, हे धोके यंत्र सुरू झाल्यावरही मागे लागलेलेच असतात.

महाराष्ट्रात १०८ ही सेवा २०१४ पासून आहे आणि तिच्या गाड्यांत एक्मो कधी येणार असे मला विद्यार्थी विचारतात. माझे उत्तर स्पष्ट आहे : आज तो मागू नये. पॅरिसमध्ये पहिली दहा मिनिटे सांभाळणारे प्रशिक्षित हात आधी तयार होते, यंत्र नंतर आले. आपल्याकडे कोसळलेल्या माणसाभोवती गर्दी जमते, पण छाती दाबायला कोणी गुडघे टेकत नाही. ते हात नसतील तर वीस मिनिटांनी येणाऱ्या यंत्राला वाचवण्यासारखा मेंदूच उरत नाही.

मोठ्या रुग्णालयांनी मात्र ही सेवा बारकाईने अभ्यासावी. तिच्याकडून आमच्या विभागाने एक गोष्ट उचलली आहे. हृदय बंद पडल्याचा पुकारा झाला की एका परिचारिकेकडे दुसरे कोणतेही काम दिले जात नाही. ती घड्याळ पाहून मिनिटे मोठ्याने सांगते, आणि तिने 'दहा' म्हटले की मी कोणालाही न विचारता सर्किट भरायला घेते.