तिसरा पाय: पेटी-इझल उसाच्या बांधावर वापरल्यानंतरचा अनुभव

ज्या इझलच्या (चित्राचा बोर्ड धरणाऱ्या तिवईच्या) जाहिरातीत हिरवळीचा उतार, दूरचे डोंगर आणि ऐसपैस मोकळी जागा दाखवलेली असते, ते इझल दीड फुटी बांधावर, दोन्ही बाजूंना ऊस आणि शेजारी पाटाचे पाणी असताना कसे वागते, हे लिहिणारे मला खरेदीपूर्वी कोणी भेटले नाही. म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे. बीच नावाच्या झाडाच्या लाकडाची, पितळी पट्ट्यांची आणि रंगांसाठी खण असलेली ही पेटी बाजारात अनेक नावांनी मिळते. तिची मापे सगळीकडे छापलेली असल्यामुळे त्यांची पुनरुक्ती करत नाही. मी तिच्यासाठी साडेसात हजार रुपये मोजले. लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर कच्ची रेखाटने करणाऱ्या माझ्यासारख्या बाईला ही रक्कम सहज विसरता येण्यासारखी नाही, आणि पुढच्या मजकुरात जो कडवटपणा जाणवेल त्याचे एक कारण तेच आहे.

माझ्या माहेरची शेती कोल्हापूरजवळच्या वडणग्याच्या शिवारात आहे. कोल्हापुरात बाहेर बसून निसर्गचित्र काढण्याची परंपरा जुनी आहे. चित्रकार आबालाल रहिमान यांचे निधन १९३१ साली झाले, पण त्यांनी रंगवलेल्या रंकाळा आणि कोटितीर्थ या तलावांच्या काठावर आजही कलाशाळांची मुले बोर्ड घेऊन बसलेली दिसतात. परंतु त्या मुलांना घाटाच्या पायऱ्या मिळतात, मांडीवर बोर्ड घेता येतो, पाठीला टेकायला कठडाही सापडतो. शेतात पायरी नसते. तिथे जमीन एक तर सरी असते, नाही तर वरंबा, आणि उभे राहण्यापुरता बांध असतो. चित्रकाराने बांधावर उभे राहावे आणि इझलने त्याच्याबरोबर उभे राहावे, एवढीच माझी अपेक्षा होती.

उसाच्या शेतात चित्र काढायला जाणाऱ्याने आधी एक गोष्ट समजून घेतली पाहिजे, ती अशी की वर्षातला बराच काळ तिथे निसर्गदृश्य नसतेच. सप्टेंबरात को ८६०३२ या जातीचा ऊस डोक्याच्या पुष्कळ वर गेलेला असतो आणि बांधावर उभे राहिले तर समोर पानांची भिंत असते, मागेही तीच. त्या दिवसांत मी पाणंदीच्या तोंडाशी किंवा नदीकाठी काम करते. ऑक्टोबरात कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांना बरगे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) घातले की वरच्या अंगाला पाणी तुंबून स्थिर होते, आणि पावसाळाभर गढूळ, धावत्या असलेल्या नदीत अचानक काठावरच्या झाडांची प्रतिबिंबे मिळू लागतात. थंडीत उसाला तुरे येतात. सकाळच्या तिरप्या उन्हात त्यांचा चंदेरी-जांभळा रंग कागदावर उतरवणे फार अवघड आहे, कारण तो रंग तुऱ्यांमध्ये नसून त्यांतून गाळून येणाऱ्या उजेडात असतो. मग तोड येते. दोन दिवसांत भिंत पडते, वायव्येला जोतिबाचा डोंगर पायथ्यापासून माथ्यापर्यंत उघडा होतो आणि चित्रकाराचा खरा हंगाम सुरू होतो. साखर कारखान्यांचा गळीत हंगाम आणि माझा हंगाम असे बरोबरीनेच चालतात.

आता त्या तिसऱ्या पायाविषयी. सपाट जमिनीवर या पेटीचे तिन्ही पाय सारख्या लांबीचे ठेवता येतात आणि दुकानात तसेच दाखवतात. बांधावर मात्र दोन पाय वर राहतात आणि तिसरा सरीत उतरवावा लागतो. वरंब्यावरून सरीच्या तळापर्यंतचा फूटभर फरक त्या एकट्या पायाने भरून काढायचा असतो. म्हणजे तो पाय पूर्ण लांब काढलेला, तिरका आणि सर्वांत जास्त भार घेणारा असतो. त्याच्या दोन तुकड्यांना एकत्र धरून ठेवणारी वस्तू म्हणजे एक पितळी स्क्रू आणि त्यावरचा विंगनट, म्हणजे हाताने आवळायचा, दोन कान असलेला नट. साडेसात हजारांची ही सगळी रचना माझ्या बोटाच्या पेराएवढ्या त्या नटाच्या भरवशावर उभी असते.

सप्टेंबरात तक्रार पाय घसरण्याची नव्हती, उलटी होती. पाय सरकतच नव्हता. पावसाळी हवेत लाकूड फुगले होते आणि आतला तुकडा बाहेरच्या दोन पट्ट्यांमध्ये असा घट्ट बसला होता की दादाने एका हाताने पेटी आणि दुसऱ्या हाताने पाय धरून ओढल्याशिवाय तो निघत नसे. लाकूड लांबीच्या दिशेने जवळजवळ वाढत नाही, आडव्या दिशेने मात्र हवेतल्या ओलाव्याबरोबर सतत फुगते आणि आक्रसते. बीच या बाबतीत सागापेक्षा पुष्कळ चंचल आहे. नोव्हेंबरात पाय सुरळीत चालू लागला आणि मी समाधानाने तेव्हाच एक छोटा, चांगला अभिप्राय लिहून टाकणार होते. तो लिहिला नाही हे बरे झाले.

कारण जानेवारीच्या मध्यापासून पाय घसरू लागला. आधी केसभर, लक्षातही येणार नाही असा. फेब्रुवारीत मात्र उघडपणे. जलरंग वापरणाऱ्यांना याचे गांभीर्य वेगळे सांगायला नको. आकाशाचा वॉश (पातळ रंगाचा सलग थर) घालताना बोर्ड किंचित उतरता ठेवतात, ओल्या रंगाची कड खाली खाली आणत न्यायची असते आणि ती कड वाळण्याच्या आत काम संपवायचे असते. अशा वेळी पाय दोन बोटे खाली गेला की बोर्ड एका कोपऱ्याकडे कलतो, कोबाल्ट निळ्या रंगाचे थारोळे तिकडे धावते आणि अर्धवट सुकलेल्या भागात परत शिरून तिथे कोबीच्या गड्ड्यासारखी झालर उमटवते. ती नंतर कोणत्याही उपायाने जात नाही. अर्ध्या इंपीरियल आकाराच्या (सुमारे १५ बाय २२ इंच), चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाच्या सुती कागदाची किंमत ज्यांना माहीत आहे त्यांनी माझ्या त्या सकाळची कल्पना करावी. तैलरंग असते तर पाय उचलून, पुन्हा आवळून काम पुढे नेता आले असते. जलरंग ती सवलत देत नाही. शिवाय सूर्य तासाला पंधरा अंश सरकतो, त्यामुळे सगळे पुन्हा मांडून होईपर्यंत ज्या सावलीसाठी पहाटे उठून आलो ती सावलीच बदललेली असते.

मी ग्राहकसेवेला लिहिले. वॉरंटी एक वर्षाची आहे आणि खरेदीला वर्ष झालेले नव्हते. पहिल्या उत्तरात छायाचित्रे मागवली, ती पाठवली. दुसऱ्या उत्तरात पाय घसरतानाची चित्रफीत मागवली, तीही भावजयीच्या मोबाईलवर काढून पाठवली. त्यानंतर जे उत्तर आले त्यात म्हटले होते की हवामानामुळे लाकडात होणारे बदल वॉरंटीत येत नाहीत आणि वस्तू कोरड्या, बंद जागेत वापरावी. जी वस्तू मुळात बाहेर उघड्यावर काम करण्यासाठी विकली जाते, जिच्या खोक्यावरच डोंगराचे चित्र आहे, ती बंद खोलीत वापरण्याचा सल्ला देणाऱ्या सद्गृहस्थांना मी सविस्तर उत्तर लिहिले. त्यावर तक्रार ‘निकाली’ काढल्याचा संदेश आला आणि पाठोपाठ, सेवेबद्दल समाधानी आहात का, असे विचारणारा दुसरा.

इथपर्यंत माझे मत असे होते की पितळ हलक्या प्रतीचे आहे, आटे झिजले आहेत आणि या वस्तूला एकच तारा पुरे. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगर या कारखान्यांच्या वस्तीत एका लेथवाल्याकडे स्क्रू नेला तेव्हा हे मत बदलावे लागले. पंपांचे आणि यंत्रांचे सुटे भाग करणाऱ्या त्या माणसाने भिंग न लावता, नुसता नखाने आटे चाचपून सांगितले की झीज अजिबात नाही. “आक्का, पितळ झकास हाय, आटंच कमी पाडल्यात,” असे म्हणून त्याने नट फिरवून दाखवला. स्क्रूच्या दांड्यावर आटे टोकापासून काही अंतरापर्यंतच आहेत, पुढचा भाग गुळगुळीत आहे. लाकूड फुगलेले असते तेव्हा नट त्या आट्यांवरच आवळला जातो आणि पकड बसते. उन्हाळ्याकडे लाकूड आक्रसले की नट आटे संपतात तिथे येऊन अडतो. हाताला वाटते की पूर्ण आवळले गेले आहे, प्रत्यक्षात नट लाकडाला दाबतच नसतो. थंड, दमट देशात ही उणीव कदाचित वर्षभर जाणवणार नाही. आपल्याकडे एकाच वर्षात पंचगंगा इशाऱ्याच्या ३९ फुटांवर जाते आणि काही महिन्यांनी रानाला भेगा पडतात, तिथे ती जाणवणारच.

उपाय दोन निघाले आणि मी दोन्ही केले. तात्पुरता म्हणजे नटाखाली एक लोखंडी वायसर आणि त्याच्याखाली सायकलच्या ट्यूबचा गोल तुकडा. याने पोकळी भरते आणि रबरामुळे पकडही वाढते. कायमचा म्हणजे शेवटपर्यंत आटे असलेले स्टेनलेस स्टीलचे बोल्ट तिन्ही पायांना बसवून घेणे. मजुरीसह एकशे ऐंशी रुपये झाले. त्यानंतर चैत्रातल्या उन्हातही पाय जागचा हललेला नाही. एकशे ऐंशी रुपयांत जे काम उद्यमनगरात चहा संपेपर्यंत झाले, ते कारखान्यातच करायला फार तर दहा-वीस रुपये लागले असते, हा विचार मनातून जात नाही.

पाय एकदाचा उभा राहिल्यावर बाकीच्या गोष्टी नीट दिसू लागल्या आणि वजनाविषयीचे माझे मतही बदलले. भरलेली पेटी सहा किलोंच्या पुढे जाते. एसटीच्या थांब्यापासून मळ्यापर्यंत ती खांद्यावर नेताना मी पहिल्या महिन्यांत रोज तिला नावे ठेवली आहेत, आणि तिचा पट्टा अरुंद आहे ही तक्रार आजही कायम आहे. त्यावर जुन्या साडीचा चौपदरी तुकडा शिवून घेतला. पण तोड झाल्यावर मोकळ्या रानात वारा अडवायला काहीच उरत नाही. कॅमेऱ्याच्या ट्रायपॉडवर बोर्ड लावणारे माझे एक सहकारी त्या वाऱ्यात बोर्ड दोन्ही हातांनी धरून उभे होते, तेव्हा माझी पेटी जागची हलली नाही. वळवाच्या आधीच्या वावटळीत मात्र तिलाही खाली वजन टांगावे लागते. त्यासाठी आकडी दिलेली नाही. पाण्याचा कॅन सुतळीने बांधावा. पाणी दिलेल्या रानात पाय रुततात, तिथे प्रत्येक पायाखाली डब्याचे पत्र्याचे झाकण ठेवले की पुरते.

खण उत्तम आहे. आत पत्रा असल्यामुळे पुसून घेता येतो आणि अर्धा बाहेर ओढला की पॅलेट ठेवायला जागा होते. मुंग्यांपासून मात्र सांभाळावे लागते, कारण जलरंगांत डिंक असतो आणि काही कंपन्या मधही घालतात. गुऱ्हाळाजवळ काम करताना माशा आणि मधमाश्या रसाच्या काहिलीवरून थेट माझ्या पॅलेटवर येत. शेजारच्या रानात पाचट पेटवलेले असेल तर त्या दिवशी पेटी उघडूच नये. काळी राख ओल्या वॉशवर बसली की पुसता येत नाही आणि फुंकरीने उडतही नाही. हा दोष पेटीचा नव्हे, पाचट जाळणाऱ्यांचा आहे. पाचट रानातच कुजवावे असे कृषी खाते वर्षानुवर्षे सांगत आहे आणि आमचा दादाही ते फक्त ऐकतोच.

घ्यावी का, असे विचारणाऱ्यांसाठी: घाटावर, गच्चीवर किंवा रस्त्याच्या कडेला बसून पाव इंपीरियल आकारात काम करत असाल तर घेऊ नये, ट्रायपॉड आणि प्लायचा बोर्ड निम्म्याहून कमी खर्चात होतो आणि पाठही शाबूत राहते. उभे राहून, मोठ्या कागदावर, उंचसखल रानात काम करायचे असेल तर घ्यावी, मात्र दुकानातच तिन्ही नट सोडून आटे कुठपर्यंत आहेत ते पाहावे. दुकानदार कुरकुर करेल, करू द्यावी. मृगापूर्वी पायांच्या खाचांना मेणबत्ती घासून ठेवावी, म्हणजे पावसाळ्यात पाय अडकत नाहीत. हे मी यंदा करणार आहे. तीन तारे देते. एक तारा वजनाचा, एक खणाचा आणि एक उद्यमनगराचा.