ई-अ‍ॅप: तारखा नीट तपासतं, खरेपणा मात्र तुमच्यावर सोडतं

अमेरिकेत सिक्युरिटी क्लिअरन्सचा, म्हणजे गोपनीय सरकारी माहिती हाताळण्याच्या परवानगीचा, एसएफ-८६ फॉर्म आता सरकारच्या ऑनलाइन प्रणालीवर, म्हणजे ई-अ‍ॅपवर भरावा लागतो. २०२३ मध्ये त्याने जुन्या ई-क्विपची जागा घेतली. वापरायला ते नक्कीच सोपं आहे: पत्त्यांत किंवा नोकऱ्यांत काळ सुटला तर लगेच अडवतं, तारीख पक्की आठवत नसेल तर ‘अंदाजे’ अशी खूण करू देतं. पण चूक दाखवली नाही म्हणजे उत्तर बरोबर आहे असं नव्हे, आणि इथेच बरेच अर्जदार फसतात.

फॉर्मचा सर्वांत चांगला भाग म्हणजे विभाग २१, मानसिक आरोग्य. घटस्फोटानंतर किंवा घरातल्या मृत्यूनंतर समुपदेशन घेतलं का, असं तो सरसकट विचारत नाही. कोर्टाचा आदेश, रुग्णालयात दाखल होणं, काही ठरावीक निदानं आणि निर्णयक्षमतेवर गंभीर परिणाम करणारा आजार, एवढंच विचारतो. क्लिअरन्स जाईल या भीतीने उपचार टाळणाऱ्यांनी हा विभाग शांतपणे वाचावाच.

विभाग २६, कर्ज आणि आर्थिक व्यवहार, मात्र किचकट आहे. प्रत्येक थकलेल्या कर्जाची वेगळी नोंद करावी लागते. आज बाकी शून्य आहे म्हणून लोक ‘नाही’ लिहितात. प्रश्न मात्र गेल्या ७ वर्षांत हप्ता १२० दिवसांहून जास्त थकला होता का, खातं वसुली एजन्सीकडे गेलं होतं का, असा असतो. तुम्ही जामीन राहिलेलं कर्जही त्यात येतं. फॉर्म उघडण्याआधी इक्विफॅक्स, एक्सपेरियन आणि ट्रान्सयुनियन या तिन्ही पतनोंदणी कंपन्यांचे क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे तुमच्या कर्जांच्या नोंदी, काढा. नोकरी गेली, आजारपण आलं, घटस्फोट झाला, ही कारणं क्लिअरन्स द्यायचा की नाही हे ठरवणाऱ्या, २०१७ पासून लागू असलेल्या निकषांत ग्राह्य धरली आहेत. पण त्या काळात तुम्ही जबाबदारीने वागलात हे दिसायला हवं: कर्ज देणाऱ्याशी झालेला पत्रव्यवहार, हप्त्यांचा करार, भरल्याच्या पावत्या. थकलेल्या कर्जाला असा बचाव असतो, जाणूनबुजून लपवलेल्या कर्जाला तो मिळत नाही. तिथे प्रश्न पैशांचा न राहता वैयक्तिक वर्तनाचा, म्हणजे त्याच निकषांतल्या ‘गाइडलाइन ई’चा होतो.

नोकरीच्या विभागातही हेच घडतं. ‘काढून टाकू’ असं सांगितल्यावर दिलेला राजीनामा ‘स्वतःहून सोडली’ म्हणून लिहिला, तर त्या नोकरीतला वरिष्ठ तुमची पार्श्वभूमी तपासणाऱ्या तपासनीसाला खरं सांगतोच. राज्याच्या कायद्याने चालत असला तरी गांजाचा वापर विभाग २३ (अमली पदार्थ) मध्ये लिहावाच लागतो. कोर्टाने सीलबंद केलेलं प्रकरणही, मोजके अपवाद सोडले तर, विभाग २२ (पोलीस आणि गुन्ह्यांच्या नोंदी) मध्ये येतं.

प्रामाणिक विसर म्हणजे खोटेपणा नव्हे. हेतू पाहिला जातो. काही राहून गेलं असेल तर मुलाखतीत तपासनीसाने पुरावा समोर ठेवण्याआधी स्वतः सांगा. नंतर दिलेल्या कबुलीचं वजन फार कमी होतं. मुद्दाम दिलेल्या खोट्या उत्तराला संघीय कायद्यात ५ वर्षांपर्यंत कैद आहे.

पाठवण्याआधी पीडीएफ प्रत उतरवून ठेवा. पुढच्या वेळी फॉर्म भराल तेव्हा तुमची उत्तरं याच फॉर्मशी ताडून पाहिली जातात.